एकही हलणारा भाग नाही

"हिवाळ्यात रोज सकाळी दहा ते अकरा, पुरता एक तास, दोन्ही गुडघ्यांवर ऊन. हीटरशिवाय." सासूबाईंनी लिहिलेले मोठ्याने वाचले आणि कागद जावयापुढे सरकवला. "करा सही. खाली तारीख घाला."

"आई, सही कशाला? मी काय परका आहे का?" आर्किटेक्ट हसत म्हणाला.

"म्हणूनच. परक्याला कोर्टात तरी खेचता येतं."

सासूबाईंनी चौतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला होता. पृथ्वी गोल आहे हे निम्मे गाव त्यांच्याकडून शिकले होते, आणि उरलेल्या निम्म्याला ते पाठ होईपर्यंत त्यांनी घरी सोडले नव्हते. सगळे त्यांना 'बाई' म्हणत. बाईंचे डोके अजून ठणठणीत होते, पण गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. त्या राहत होत्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. घरात ऊन भरपूर, पण जिन्याला पायऱ्या बावन्न. महिन्यातून दोनदा त्या खाली उतरत आणि वर चढल्यावर दोन दिवस कुणाशी बोलत नसत. म्हणून मुलीच्या घराजवळ एक जागा घेऊन तिथे आटोपशीर बैठे घर बांधायचे ठरले. आर्किटेक्ट घरचाच असल्यामुळे दुसऱ्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. विचारायला हवे होते, हे नंतर सगळ्यांना सुचले.

जागा मुलीच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होती आणि स्वस्त होती. स्वस्त असण्याचे कारण तिच्या दक्षिणेला उभे होते. तो एक डोंगर होता. हिवाळ्यात सूर्य खालून खालून जाऊ लागला की डोंगर त्याला आडवा यायचा, आणि पायथ्याच्या सगळ्या जागा दोन-अडीच महिने सावलीत कुडकुडायच्या.

आर्किटेक्टला नेमकी अशीच जागा हवी होती. त्याला उन्हाचे वेड होते. आपोआप तापणारी आणि आपोआप गार राहणारी घरे हा त्याचा विषय, आणि तो विषय तो कुठेही काढत असे. एकदा दातांच्या डॉक्टरकडे, तोंडात यंत्र असतानाही त्याने तो काढला होता. "पंप नाही, पंखा नाही, हीटर नाही," तो म्हणायचा. "घराचं तोंड कुठं, भिंत किती जाड, छज्जा किती पुढं, एवढंच बघायचं. बाकी सगळं सूर्य करतो. घरात एकही हलणारा भाग नाही!" अशी सात घरे त्याने कागदावर बांधली होती. कागदाबाहेर एकही आले नव्हते, कारण गिऱ्हाइके शेवटच्या क्षणी घाबरून नेहमीसारखे घर मागत. सासूबाई हे त्याचे पहिले न घाबरलेले गिऱ्हाईक.

"आणि नाही आलं ऊन तर?" बायकोने रात्रीच्या जेवणात विचारले.

"येणार."

"नाही आलं तर आई आपल्याकडे राहायला येईल. आपल्या दोन खोल्यांत. तिचा फ्लॅट तोवर विकलेला असेल. आणि ती आल्यावर तुझ्या कपाटातल्या नकाशांची काय दशा होईल ते तू बघ."

आर्किटेक्ट पाणी प्यायला. सासूबाईंवर त्याचे प्रेम होते, पण ते दहा मिनिटांच्या अंतरावरून जास्त फुलत असे.

त्याने आकडेमोड केली, आणि आकडेमोड म्हणाली की ऊन येणार नाही. त्याने ती पुन्हा केली. ती पुन्हा तेच म्हणाली. शेवटी वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवसाच्या आठवड्यात जागेवर प्रत्यक्ष बसून ऊन मोजायचे त्याने ठरवले. खुर्ची घेऊन तो तीन दिवस त्या मोकळ्या जमिनीवर बसला. तिन्ही दिवस आभाळ भरलेले. चौथ्या दिवशी आभाळ लख्ख उघडले तेव्हा आर्किटेक्ट तापाने फणफणून अंथरुणात होता.

त्याने मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्री म्हणजे पस्तीस वर्षे भिंती सरळ उभ्या करणारा माणूस. ऊन मोजणाऱ्या साहेबाचे नाव त्यांनी पहिल्याच दिवशी 'ऊनसाहेब' ठेवले होते.

"मिस्त्री, एक काम करा. चुन्याची फक्की घेऊन जागेवर जा. दर अर्ध्या तासानं जमिनीवर जिथं ऊन पडेल तिथं फक्कीनं चौकोन आखा आणि आत वेळ लिहा."

"एवढंच?"

"एवढंच. पण चोख."

मिस्त्रींचे काम चोखच असे. दोन दिवसांनी मफलर गुंडाळून आर्किटेक्ट जागेवर आला आणि बघतच राहिला. जमिनीवर ओळीने पांढरे चौकोन होते. दहा. साडेदहा. अकरा. अगदी प्लॉटच्या मधोमध! आकडेमोड तोंडघशी पडली होती. आभाळ पुन्हा भरून आले होते, पण आता त्याची गरज काय? त्याने वर डोंगराकडे पाहिले, आणि शोधणाऱ्याला सापडतेच तशी त्याला दोन कातळांमध्ये एक बारीकशी खाच सापडली.

"तिथून!" तो ओरडला. "त्या खिंडीतून येतंय ऊन! गणित पुस्तकी असतं, मिस्त्री. फक्की खोटं बोलत नाही."

"नाही बोलत," मिस्त्री म्हणाले. आपल्या फक्कीबद्दल कुणी चांगले बोलले की त्यांना बरे वाटे.

मग घर उभे राहिले ते त्या खिंडीकडे तोंड करून. दक्षिणेला जमिनीपासून छतापर्यंत काचेची भिंत. तिच्यामागे, मध्ये बैठकीची खोली सोडून, हात-दीड हात जाडीची काळ्या दगडाची भिंत. दिवसभर ऊन पिऊन घ्यायचे आणि रात्रभर थोडे थोडे सोडायचे, हे तिचे काम. उन्हाळ्यातले डोक्यावरचे ऊन आत येऊ नये म्हणून लांब छज्जा. उत्तरेची बाजू थंड, म्हणून तिकडे बाथरूम आणि अडगळीची खोली, आणि त्यांना मिळून एकच झडपेची खिडकी, दीड फूट बाय एक फूट, तीही बाथरूमला. "उत्तरेला मी भोकसुद्धा ठेवत नव्हतो," आर्किटेक्ट अभिमानाने सांगायचा, "पण नगरपालिकेचा नियम आडवा आला."

शेजारची जागा लाकडाच्या वखारवाल्यांची होती. डोंगराने त्यांनाही सावलीत ठेवलेले. ते अधूनमधून येऊन दगडी भिंतीवर टिचक्या मारून बघत. "तापू दे तुमचं घर," ते म्हणायचे, "मग माझंही तुम्हीच बांधा. नाही तापलं तर मी आपला इथं बर्फाचा कारखाना काढतो."

पावसाळा सरता सरता बाई नव्या घरात आल्या. त्या दिवसांत ऊन असे झकास यायचे की बाई स्वतः म्हणाल्या, "जावईबापू, छान जमलंय हो." चौतीस वर्षांत त्यांनी 'छान' हा शब्द मोजून पाच वेळा वापरला होता. आर्किटेक्ट रात्री झोपेत हसला.

त्यानंतर डोंगराने आपले काम सुरू केले. बाईंना नोंदी ठेवायची सवय. रोज सकाळी त्या वहीत लिहीत: 'आज ऊन खुर्चीपर्यंत.' 'आज ऊन टेबलाच्या पायापर्यंत.' 'आज ऊन काचेच्या कडेला फक्त.' आणि थंडीने जोर धरला त्या सकाळी: 'आज ऊन गैरहजर.'

"येईल," आर्किटेक्ट म्हणाला. "खिंडीच्या रेषेत सूर्य यायला अजून आठ दिवस आहेत."

आठ दिवसांनी 'गैरहजर'. दहा दिवसांनी 'गैरहजर'. खिंड आहे तिथेच होती, आणि सूर्य तिच्या बराच खालून, डोंगराच्या पोटामागून, कुणाशी न बोलता निघून जात होता. घराचे एकूण वेळापत्रक आता आर्किटेक्टच्या ध्यानात आले. उन्हाळ्यात ऊन छज्जा अडवणार आणि हिवाळ्यात डोंगर. दोघांनी पाळ्या वाटून घेतल्या होत्या. ऊन येणार ते मधल्या चार आठवड्यांत, जेव्हा माणसाला पंखाही नको असतो आणि शालही.

आणि ती काळी भिंत! ऊन साठवायला बांधलेल्या भिंतीला ऊन मिळेना, तेव्हा तिने हाताला लागेल ते साठवायला घेतले. ती थंडी साठवू लागली. दिवसभर थंडी प्यायची आणि रात्रभर थोडी थोडी सोडायची. बाईंनी दुधाचे पातेले आणि भाजीची टोपली बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवायला सुरुवात केली. दूध चार-चार दिवस टिकू लागले. बाई काही बोलल्या नाहीत. फक्त चष्म्याच्या घरातून तो सहीचा कागद काढून त्यांनी एकदा वाचला आणि पुन्हा ठेवला.

बोलल्या असत्या तर बरे झाले असते. न बोलणाऱ्या सासूपुढे जावयाची जी गत होते ती आर्किटेक्टची झाली. त्याने सरळ कबूल करायचे सोडून विजेचा हीटर विकत आणला. अडगळीची खोली दगडी भिंतीच्या पाठीलाच होती. तिथे रद्दीच्या मागे त्याने हीटर भिंतीला भिडवून ठेवला, आणि रोज सकाळी सात वाजता "वर्तमानपत्र आणलंय, आई" म्हणत येऊन गुपचूप तो चालू करू लागला. बाईंकडे तीन दिवसांत तीन जादा वर्तमानपत्रे जमली.

तिसऱ्या दिवशी बाईंनी भिंतीला तळहात लावला. "नवलच आहे. ऊन नाही आणि दगड तापतोय. हा कुठला भूगोल, जावईबापू?"

"साठलेलं ऊन, आई. मागच्या महिन्यातलं."

"अस्सं. आणि ते फक्त रद्दीच्या बाजूनं तापतं?"

तेवढ्यात फट् असा आवाज झाला आणि घरातली वीज गेली. अडगळीच्या खोलीतून जळक्या वायरचा वास आला. बाईंनी शांतपणे मेणबत्ती पेटवली, आत जाऊन रद्दीचा ढीग बाजूला केला, हीटरकडे पाहिले आणि जावयाकडे पाहिले. कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे त्या अशाच बघत असाव्यात.

"कागदावर 'हीटरशिवाय' असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तुमची सही आहे."

आर्किटेक्ट मान खाली घालून घरी आला आणि बायकोला म्हणाला, "कपाटातले नकाशे दुसरीकडे हलव. आईंना घेऊन येऊ." त्याला स्वतःची खरोखर लाज वाटत होती. म्हातारीला तिच्या उन्हातून उठवून आपण बर्फात आणून बसवले, या विचाराने त्याला रात्री जेवण गेले नाही. बायको त्याला चार शब्द सुनवायच्या तयारीत होती, पण त्याचे तोंड पाहून तिने ते उद्यावर ढकलले.

दुसऱ्या दिवशी आभाळ निरभ्र होते. सव्वादहाला आर्किटेक्टचा फोन वाजला.

"जावईबापू, ऊन आलं."

तो उडालाच. "आलं? खिंडीतून? कुठंवर आलंय? खुर्चीवर?"

"बाथरूममध्ये."

आर्किटेक्टने मनातल्या मनात नकाशा उलगडला.

"आई, बाथरूम उत्तरेला आहे."

"दिशा मला नका शिकवू. रोज सहाला आटपते, आज विजेपायी उशिरा अंघोळीला गेले, तर भिंतीवर हे एवढं ऊन. खुर्ची आत नेऊन बसलेय. उजवा गुडघा शेकून झाला, आता डावा घेते. आणि लवकर या, ते सरकतंय."

आर्किटेक्ट धावत आला. सासूबाई खरेच बाथरूममध्ये बसल्या होत्या. मांडीवर वही, एका हाताला बादली, दुसऱ्या हाताला साबणदाणी, आणि गुडघ्यांवर सोन्यासारखे ऊन. तो बादली पालथी घालून तिच्यावर चढला आणि नगरपालिकेच्या नियमाने वाचवलेल्या त्या झडपेतून त्याने डोके बाहेर काढले. त्याचे डोळे दिपले. रस्त्यापलीकडे समोरचा उतार वर चढत गेला होता, त्याच्यावर दिवसभर ऊन. तिथे वरच्या अंगाला शिंप्याचे दुकान होते आणि दुकानाच्या खिडकीत दुसरा एक सूर्य उभा होता.

पलीकडच्या साठ पायऱ्या चढून तो दुकानात पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. टेलर मास्तर खिडकीपाशी उन्हात बसून काज करत होते. शेजारी माणसाएवढा मोठा आरसा, चाकांच्या चौकटीवर, किंचित मागे कललेला, तोंड खिडकीकडे.

"मास्तर, हा आरसा इथं कधीपासून आहे?"

"थंडीत इथंच असतो. मी उन्हात बसतो, गिऱ्हाईकही उन्हात उभं राहतं, कापडाचा रंग खरा दिसतो. का हो? कुणाच्या डोळ्यांवर येतो का?"

"मागच्या थंडीतही इथंच होता?"

"वीस वर्षं इथंच आहे."

आर्किटेक्ट गिऱ्हाइकाच्या स्टुलावर मटकन बसला. तिथूनच त्याने मिस्त्रींना फोन लावला. "मिस्त्री, तुम्ही ते चौकोन आखलेत ना, त्या दिवशी ऊन कुठून येत होतं?"

"समोरच्या टेलरच्या आरशातनं."

"अहो, मग सांगितलं का नाहीत?"

"कुठं पडतं ते विचारलं होतंत, ऊनसाहेब," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "कुठून येतं ते कुठं विचारलंत? मला वाटलं, एवढे शिकलेले तुम्ही, तुम्हाला ठाऊकच असणार."

आर्किटेक्ट खाली उतरला तो थेट बाथरूमच्या दारात जाऊन उभा राहिला. ऊन तोवर सरकून गिझरवर गेले होते. त्याने सगळे सांगितले. आकडेमोड, ताप, फक्की, खिंड, आरसा. काही लपवले नाही, कारण लपवायला अडगळीच्या खोलीतही आता जागा नव्हती. "चुकलं माझं, आई. तुम्ही आमच्याकडे चला."

बाईंनी चष्म्याच्या घरातून कागद काढला. "दहा ते अकरा. दोन्ही गुडघ्यांवर. हीटरशिवाय." त्यांनी कागद उलटा करून मागेही पाहिले. "कुठल्या खोलीत, ते यात लिहिलेलं नाही. सूर्याकडून थेट की वळसा घालून, तेही नाही. प्रश्नात विचारलंय तेवढंच तपासायचं, असा माझा नियम आहे. पण ऊन तुमचं पंधरा मिनिटंच टिकलं. तासापैकी पंधरा, म्हणजे शंभरात पंचवीस. नापास."

"म्हणजे?"

"म्हणजे उरलेल्या पाऊण तासाचं बघा. पृथ्वी फिरते, जावईबापू. आरसाही फिरायला हवा."

मास्तर भला माणूस. ते आधी म्हणाले, "बाईंनी इथंच येऊन बसावं की माझ्याजवळ," पण साठ पायऱ्या ऐकून बाईंच्या गुडघ्यांनी परस्पर नकार दिला. आरसा फिरवायला मास्तरांची हरकत नव्हती. मात्र हातात सुई असताना दर पाच मिनिटांनी उठणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. दुसरे कुणी फिरवणार असेल तर खुशाल फिरवावा.

दुसऱ्या दिवसापासून रोज दहा वाजता आर्किटेक्ट टेलर मास्तरांच्या खिडकीत उभा राहू लागला. बाईंनी पेटीतून शाळेतली कवायतीची शिट्टी काढली. एक शिट्टी म्हणजे आरसा डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, लांब शिट्टी म्हणजे आहे तिथेच ठेवा. दोन दिवस ऊन कधी नळावर, कधी छतावर आणि एकदा थेट बाईंच्या डोळ्यांत गेले. तिसऱ्या दिवशी ते बरोबर गुडघ्यांवर बसले आणि अकरा वाजेपर्यंत हलले नाही. बाईंनी वहीत लिहिले: 'ऊन हजर. पूर्ण वेळ.'

अडचण एकच होती. आरसा धंद्याचा होता. गिऱ्हाईक ट्रायलला उभे राहिले की खाली बाथरूममध्ये ग्रहण लागे. बाई त्याचीही नोंद ठेवू लागल्या. सडपातळ गिऱ्हाईक म्हणजे खंडग्रास, जाडजूड म्हणजे खग्रास. ट्रायल लांबली की खालून शिट्ट्यांवर शिट्ट्या येत आणि आर्किटेक्ट गिऱ्हाइकांना विनवू लागे, "जरा कडेला होता का? म्हातारीच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे." बहुतेक लोक होत. पहिल्या महिन्याच्या अखेरीला तो कापडाला अस्तर कुठले शोभेल यावर सल्ले देऊ लागला होता आणि त्याची ऑफिसची माणसे त्याला शोधत सरळ मास्तरांकडे येत होती.

"अरे, तू आर्किटेक्ट आहेस ना अजून?" बायकोने एकदा विचारले.

"दहा ते अकरा सोडून," तो म्हणाला.

अशात एका सकाळी, बरोबर दहा वाजता, काही न कळवता वखारवाले बाईंच्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, घर बघायला आलोय. ऐन थंडीत तापतं की नाही ते स्वतः बघावं म्हटलं. जावई कुठंय तुमचा?"

"कामावर," बाई म्हणाल्या. "या."

वखारवाले आधी बैठकीच्या खोलीत गेले आणि गेले तसे परत आले. त्यांच्या तोंडातून वाफ येत होती. "अहो, इथं तर दात वाजतायत! आणि भिंतीला फ्लॉवर का टेकवलाय?"

"ही कोठीची खोली आहे. बसायची खोली इकडे." आणि बाईंनी त्यांना बाथरूममध्ये नेले.

खुर्ची होती, शेजारी पुस्तकांची फळी होती, साबणदाणीत पेन्सिली होत्या, आणि या सगळ्यावर ऊन पसरले होते. वखारवाल्यांनी उन्हात हात धरला. मग दुसराही धरला. "गरम आहे हो! उत्तरेच्या बाजूला! हीटर?"

"नाही."

"पंप? मोटार?"

"तसलं काही नाही."

तेवढ्यात वर दुकानात पोलिस बँडमधला ढोलवाला नव्या कोटाची ट्रायल द्यायला आरशापुढे उभा राहिला. ढोल वाजवणाराही ढोलाच्याच मापाचा होता. खाली झपकन अंधार झाला.

"गेलं वाटतं," वखारवाले हळहळले.

बाईंनी शिट्टी तोंडाला लावली आणि जोरात फुंकली. वर आर्किटेक्ट ढोलवाल्याला हात जोडत होता. ढोलवाल्याला पोलिसांची शिट्टी वाजल्यासारखे वाटले आणि तो सवयीने खाडकन एका बाजूला वळला. खाली ऊन परत आले, भिंतीवर जरासे डगमगले आणि बाईंनी दोनदा शिट्टी वाजवताच अलगद सरकून त्यांच्या गुडघ्यांवर येऊन बसले.

वखारवाल्यांचा आ वासलेलाच राहिला. "बाई, तुम्ही शिट्टी वाजवली की ऊन येतं?"

"चौतीस वर्षं वाजवतेय. आता कुठं कुणीतरी ऐकतंय." बाईंनी बादलीकडे बोट केले. "चढा त्यावर आणि बघा बाहेर. मला फसवाफसवी चालत नाही."

वखारवाले बादलीवर चढले. झडपेतून त्यांनी बराच वेळ समोर पाहिले. उन्हात, खिडकीमध्ये, गळ्यात शिंप्याची टेप अडकवलेला एक माणूस दोन्ही हातांनी मोठा आरसा तोलून धरून उभा होता. ऊन लागून त्याचे नाक लाल झाले होते. तो जरासुद्धा हलत नव्हता, फक्त कान खालच्या शिट्टीकडे लावून होता.

"तो आरसा धरून उभा आहे, तो कोण?"

"माझा जावई."

"रोज?"

"रोज. मागच्या आठवड्यात सर्दी झाली होती, तरी आला. फडकं बांधून." बाईंनी गुडघ्यांवरच्या उन्हातून हात फिरवला आणि त्यांचा मास्तरणीचा आवाज जरा मऊ झाला. "घर साफ चुकलंय त्याचं. पण काय सांगू तुम्हाला, माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात माझ्यासाठी पलंग हलवला नाही. हा ऊन हलवतो."

वखारवाले बादलीवरून उतरले. त्यांनी पुन्हा एकदा उन्हात हात धरला, फळीवरची पुस्तके पाहिली, बाईंचा शेकलेला, समाधानी चेहरा पाहिला, आणि त्यांचा निर्णय झाला.

"ठरलं, बाई. मला अगदी असंच घर हवं."

बाईंनी वहीतून डोके वर केले. "तुम्हाला जावई आहे का?"

वखारवाले विचारात पडले. त्यांना दोन्ही मुलगेच होते.